फळांचे ठसे टॉवेलवर फुटतात, पुसट येतात, धुण्यात निघून जातात : दोष कुठे आहे ते ओळखा

लिंबू अर्धं कापायचं, कापलेल्या बाजूला रंग लावायचा आणि किचन टॉवेलवर दाबायचं. कृती एवढीच, तरी त्याच त्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. पाकळ्यांच्या रेषा न उमटता नुसता गोल डाग पडला. कडेनं रंग फुटला. मध्यभाग कोराच राहिला. इस्त्री केल्यावर तपकिरी कडं आलं. दोन धुण्यांत निम्मा रंग गेला.

अशा वेळी बहुतेक जण रंग बदलून पाहतात. नवा रंग आणला तरी ठसा तसाच येतो, कारण दोष सहसा रंगाचा नसतो, पाण्याचा असतो. फळातला रस, रंगात घातलेलं पाणी आणि पाणी आत शिरू न देणारी कोऱ्या कापडाची खळ, या तिघांपैकी कोण बिघडवतंय ते ओळखता आलं की पुढचं सोपं आहे.

आधी बिघडलेला ठसा नीट बघा

ठसा ओला असतानाच टॉवेल उजेडासमोर धरा. रंगाच्या कडेबाहेर बिनरंगाचं, नुसतं ओलं कडं दिसतंय का? दिसत असेल तर तो फळाचा रस आहे. फळ पुरेसं सुकलेलं नाही किंवा धरताना पिळलं गेलंय.

कड करवतीसारखी झालीय, रंग उभ्या-आडव्या धाग्यांवरून बारीक रेघांनी बाहेर धावलाय, आणि त्या रेघा टोकापर्यंत रंगीतच आहेत? मग रंग पातळ आहे. धागा त्याला दिव्याच्या वातीसारखा ओढून घेतोय.

रंग कापडात न मुरता वर थेंबांसारखा बसलाय, मध्येमध्ये कोरे ठिपके राहिलेत, बोट लावलं की सरकतोय, असं असेल तर कापडाला खळ आहे किंवा आधीच्या धुण्यात कपडे मऊ करणारं द्रावण वापरलेलं आहे.

बाहेरची गोल रेघ छान आली, पण मध्य कोरा? किंवा मध्य आला आणि एका बाजूची कड गायब? तिथे पाण्याचा काही संबंध नाही, काप वाकडा आहे. आणि सगळीकडे रंग भरलाय पण आतली एकही रेघ दिसत नाही, तर रंग जास्त झालाय किंवा फळ अजून ताजं आहे. बहुतेक वेळा दोन्ही असतं.

दोन लक्षणं एकत्र दिसली तर आधी कापड, मग फळ, शेवटी रंग या क्रमानं दुरुस्त करत जा. उलट्या क्रमानं गेलात तर रंग आणि फळ दोन्ही वाया जातात आणि खळ तिथेच राहते.

फळ: सगळ्यात जास्त घोळ इथे होतो

सफरचंदात वजनाच्या साधारण ८५ टक्के पाणी असतं, लिंबू-संत्र्यात त्याहून थोडंसंच जास्त. तरीही सफरचंदाचा ठसा पहिल्याच प्रयत्नात जमतो आणि लिंबाचा बिघडतो. सफरचंदातलं पाणी बारीक, घट्ट पेशींत कोंडलेलं असतं आणि कापल्यावर पृष्ठभाग नुसता ओलसर होतो. लिंबाचा रस लांबट, पातळ सालीच्या पिशव्यांत असतो. सुरीनं त्या फुटतात, आणि उरलेल्या दाबताना फुटतात. म्हणून सफरचंदाला चालणारी घाई लिंबाला चालत नाही.

ताज्या कापलेल्या लिंबाकडे तिरक्या उजेडात पाहा. गर फुगून पाकळ्यांमधल्या पापुद्र्यांच्या बरोबरीला, कधी किंचित वरही आलेला असतो. अशा पृष्ठभागावर रंग फिरवला की तो सगळीकडे सारखाच लागतो आणि ठसा म्हणून भरीव गोळा उमटतो. फळ काही तास सुकलं की गर खाली बसतो, तर पांढरी जाड साल, मधला गाभा आणि पापुद्रे होते तिथेच राहतात. आता रंग फक्त उंच राहिलेल्या रेघांना लागतो. आपल्याला हवं असलेलं ते चक्र सुकवण्यातूनच मिळतं, रंगाच्या बाटलीतून नाही.

फळ निवडताना घट्ट, थोडं कच्चटच घ्या. पिकून मऊ झालेलं, सालीला बोट लावल्यावर दबणारं फळ नको. लिंबूवर्गातली पातळ सालीची फळं खायला चांगली, ठशाला नाहीत. जाड साल आणि ठळक पापुद्रे असलेलं फळ इथे जास्त उपयोगी. ज्या संत्र्याची साल सैल असते, त्यात साल आणि गर यांच्यामध्ये पोकळी असते. दाबल्यावर साल एकीकडे आणि फोडी दुसरीकडे सरकतात आणि ठसा दुहेरी दिसतो. साल गराला घट्ट चिकटलेलं संत्रं शोधा.

कापण्यापूर्वी फळ तासभर फ्रिजमध्ये ठेवा, गार फळ कापताना कमी चेपतं. सुरी फळाच्या व्यासापेक्षा लांब, धारदार आणि सरळ पात्याची हवी. दातेरी सुरीचे चरे पृष्ठभागावर राहतात आणि ठशात समांतर रेघा म्हणून उमटतात. लोक त्यांना कापडाचा दोष समजतात. सुरी वरून खाली दाबू नका. एका दमात, पुढून मागे ओढत काप घ्या. मध्येच थांबलात की तिथे पायरी पडते.

काप सपाट आहे की नाही हे डोळ्यांनी नीट कळत नाही. त्यासाठी एक खात्रीची युक्ती आहे. काचेच्या ताटलीवर फळ कापलेल्या बाजूनं हलकेच टेकवा आणि ताटली उचलून खालून पाहा. जिथे फळ काचेला टेकलंय तो भाग गडद दिसतो, जिथे टेकलेलं नाही तिथे फिकट धुरकट दिसतं. फिकट भाग मध्यावर असेल तर काप खोलगट आहे. एका बाजूला असेल तर तिरका आहे. २-३ मिलिमीटरची चकती काढून पुन्हा कापा आणि पुन्हा काचेवर बघा. इथे घालवलेली दोन मिनिटं पुढचे बरेच ठसे वाचवतात.

आता सुकवणं. लिंबू, संत्र्यातल्या बिया टोकदार सुरीनं उचकटून काढा. ही कामं सुकवण्याआधीच उरका, नंतर केलीत तर पुन्हा रस सुटतो. बियांच्या जागी खळगे राहतात आणि ठशात ते पांढरे थेंब होऊन येतात, ते चांगलेच दिसतात. मग फळ कापलेल्या बाजूनं टिपकागदावर किंवा दोन-तीन पदरी टिश्यूवर ठेवा. दाबू नका, नुसतं ठेवा. तासाभरात कागद एक-दोनदा बदला. त्यानंतर फळ उलटं करून कापलेली बाजू वर ठेवा आणि वारा लागेल अशा जागी लिंबू-संत्रं ४ ते ६ तास राहू द्या. हवेत दमटपणा असेल तर फ्रिजमध्ये, न झाकता, रात्रभर ठेवणं जास्त भरवशाचं. सफरचंद आणि पेअरला अर्धा तास पुष्कळ होतो. सफरचंद तपकिरी पडलं म्हणून टाकून देऊ नका, कापलेला भाग हवेत काळपटला तरी ठशाला काही होत नाही.

झालं की नाही याची कसोटी घड्याळ नाही, टिश्यू आहे. कोरडा टिश्यू कापलेल्या बाजूवर ठेवून तळव्यानं ठशाला देतो तेवढाच दाब द्या. टिश्यूवर ओला पसरट डाग आला तर अजून थांबा. पाकळ्यांच्या रेघांचा पुसटसा ओलसर माग आला की फळ तयार आहे.

जास्तही सुकवू नका. साल आक्रसून कड वर वळली, हाताला चामड्यासारखी लागली, की मध्यभाग कापडापर्यंत पोचतच नाही. असं झालं तर नवी चकती काढायची आणि सुकवणं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकाच फळावर अवलंबून न राहता सारख्या आकाराची दोन-तीन अर्धुकं एकदम तयार ठेवा. दहा-पंधरा ठशांनंतर गर भुसभुशीत होतो, रेषा जाड होत जातात. तेव्हा पुढचं अर्धुक घ्या.

सफरचंद आडवं कापलं की मध्ये पाच कप्प्यांची चांदणी मिळते, उभं कापलं की देठासकट फळाचा ओळखीचा आकार. पेअर उभंच कापावं. कमरख आडवं कापल्यावर पाच टोकांची चांदणी मिळते, पण तिची टोकं लगेच मऊ पडतात, म्हणून निदान ३ सेंटिमीटर जाडीचा तुकडा घ्या. नुसती पातळ चकती हातात वाकते. किवी, स्ट्रॉबेरी, टोमॅटो यांच्या वाट्याला जाऊ नका. त्यांचा गर दाब सोसत नाही आणि कितीही सुकवलं तरी रस सुटत राहतो.

रंग: किती दाट आणि किती थोडा

कापडावरचा रंग म्हणजे रंगद्रव्य आणि ते धाग्याला धरून ठेवणारा अ‍ॅक्रिलिकचा चिकट घटक. बाटलीवर ‘फॅब्रिक कलर’ लिहिलेलं असेल तर तो तसाच वापरा, पाणी घालू नका. साधा अ‍ॅक्रिलिक रंग असेल तर त्यात फॅब्रिक मिडियम, म्हणजे रंग कापडावर मऊ राहावा म्हणून मिसळायचं द्रावण, घालावं लागतं. बहुतेक ठिकाणी दोन भाग रंगाला एक भाग मिडियम हे प्रमाण चालतं, काही मिडियमना समान भाग लागतो, तेव्हा बाटलीवरची सूचना अंतिम समजा. मिडियमशिवाय वापरलेला अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर कडक होतो, टॉवेलची घडी पडते तिथे तडकतो आणि धुण्यात कपच्यांनी निघतो. पोस्टर कलर आणि जलरंग कापडावर टिकतच नाहीत, पहिल्या पाण्यात जातात.

दाटपणा तपासायला ताटली तिरकी करा. रंग सावकाश घसरला पाहिजे. पाण्यासारखा धावला तर पातळ आहे, जागचा हलला नाही तर फळाच्या बारीक रेघा बुजतील. दाट रंग सैल करायचा झाला तर मिडियमनं करा, पाण्यानं नको. पाणी रंगाबरोबर चिकट घटकही विरळ करतं, आणि मग एकाच चुकीतून दोन तक्रारी उभ्या राहतात. आज कड फुटते, महिन्याभरानं रंग जातो.

फळ रंगात बुडवणं ही यातली सगळ्यात मोठी चूक. बुडवलं की खळग्यांत रंग साठतो आणि दाबल्यावर तोच बाहेर पडतो. ७ सेंटिमीटर व्यासाच्या संत्र्याला चहाच्या चमच्याचा पाव भाग रंगसुद्धा जास्तच होतो. रंग ताटलीवर पातळ पसरा, लहान फोमचा रोलर किंवा सपाट स्पंज त्यावर फिरवा, जादाचा रंग ताटलीच्या कोरड्या भागावर काढून टाका आणि मग फळावर एकदा उभा, एकदा आडवा हलका हात फिरवा. फळ तिरकं धरून पाहा: रेघा रंगीत आणि खळगे जवळजवळ कोरे दिसले पाहिजेत. सालीच्या बाहेरच्या बाजूला लागलेला रंग कोरड्या टिश्यूनं पुसून घ्या, नाहीतर ठशाभोवती दुसरी पुसट रेघ येते. लिंबूवर्गाच्या सालीतलं तेलही याच पुसण्यात निघतं. ते कापडाला लागलं तर त्या ठिकाणी रंग नीट धरत नाही.

काम करता करता ताटलीतला रंग दाणेदार व्हायला लागतो, ही तक्रार बरेच जण करतात आणि बाटली जुनी असल्याचा निष्कर्ष काढतात. कारण वेगळं आहे. अ‍ॅक्रिलिक रंग किंचित अल्कधर्मी असतो आणि त्याचे कण त्याच अवस्थेत एकमेकांपासून वेगळे राहतात. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी. रोलर फळावरून ताटलीत आणि ताटलीतून फळावर फिरत राहिला की थोडाथोडा रस रंगात मिसळतो आणि कण एकत्र येऊन गुठळ्या धरतात. म्हणून ताटलीवर एका वेळी मोठा चमचाभरच रंग घ्या, पाच-सहा ठशांनी रोलर टिपून घ्या, आणि रंग खरबरीत वाटला की टाकून नवा घ्या. तो परत बाटलीत ओतू नका.

गडद टॉवेलवर साधा रंग दिसेनासा होतो, कारण तो बऱ्याच अंशी पारदर्शक असतो. तिथे अपारदर्शक म्हणून विकला जाणारा कापडाचा रंग घ्या किंवा रंगात पांढरा मिसळा. आधी पांढरा ठसा आणि त्यावर रंगीत ठसा हा उपाय सुचवला जातो, पण फळ दुसऱ्यांदा नेमकं त्याच रेघांवर बसवणं जमत नाही.

कापड

सुती किंवा लिननचा, सपाट विणीचा टॉवेल घ्या. फासे वर असलेल्या टर्किश टॉवेलवर आणि खोलगट चौकटींच्या विणीवर फळाच्या रेघा तुटक येतात. तिथे फळ, रंग, हात सगळं बरोबर असलं तरी ठसा साफ येणार नाही. पॉलिएस्टर आणि मायक्रोफायबरवर रंग तितका पक्का धरत नाही, शिवाय रंग पक्का करायला लागणारी इस्त्रीची उष्णता त्यांना सोसत नाही.

कोरा टॉवेल छापण्यापूर्वी गरम पाण्यात, साध्या साबणानं धुवायलाच हवा. खळ जाते हे एक कारण. दुसरं म्हणजे सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. न धुता छापलात तर नंतर कापड आटतं, रंगाचा थर आटत नाही, आणि ठसा सुरकुततो किंवा तडकतो. धुताना कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका. त्याचा पातळ थर धाग्यावर बसतो आणि रंगाला आत जाऊ देत नाही.

धुऊन वाळलेल्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब टाका. एक-दोन सेकंदांत शोषला गेला तर कापड तयार आहे. थेंब गोल बसून राहिला तर पुन्हा धुवा. कधी कधी तीनदा धुवावं लागतं, विशेषतः दुकानात कडक, चकचकीत दिसणाऱ्या टॉवेलना. मग इस्त्री करा आणि चिकटपट्टीनं सुटे तंतू उचलून घ्या. ते तसेच राहिले तर दुसऱ्या-तिसऱ्या ठशापर्यंत फळावर चिकटतात आणि पुढच्या प्रत्येक ठशात केसासारखी रेघ देतात.

टॉवेल पूर्ण कोरडा असू द्या. इस्त्री करताना वाफ वापरली असेल तर निवून कोरडा होईपर्यंत थांबा.

दाब

नुसत्या कडक टेबलावर फळाची बारीकशी उंचसखलताही ठशात कोरी राहते. जाड गादीवर फळ रुततं आणि कडेलाच रंग लागतो. जुन्या चादरीच्या दोन घड्या, त्यावर मेणकागद किंवा प्लास्टिक आणि त्यावर टॉवेल, एवढी मऊ बैठक बरोबर पडते. मेणकागद विसरू नका, रंग आरपार जातोच.

लिंबू हातात घेतलं की बोटं आपोआप ते पिळायच्या पकडीत धरतात. नेमका तिथेच रस सुटतो. सुकवलेलं फळसुद्धा बाजूंनी दाबलं की आतला रस वर येतो. म्हणून फळ ठेवताना सालीला वरच्या टोकाशी हलकं धरा, आणि एकदा टेकलं की बोटं सोडून तळव्यानं सरळ खाली दाबा. ३ ते ५ सेकंद पुरे. डुलवू नका, फिरवू नका. उचलताना दुसऱ्या हातानं टॉवेल दाबून धरा आणि फळ एका कडेनं सोलल्यासारखं वर घ्या. सफरचंदाला पाठीमागे दोन्ही बाजूंनी फोड काढून मध्ये जाड कणा ठेवला की चांगली मूठ होते. लिंबूवर्गाला अशी मूठ कापू नका, पाठीकडून रस गळतो.

पहिला ठसा कधीही टॉवेलवर घेऊ नका. जुन्या सुती फडक्यावर दोन-तीन ठसे घेतले की फळाच्या पृष्ठभागावर रंगाचा पातळ थर बसतो, आणि तिसऱ्यापासून रेघा उघडायला लागतात. कागदावर चाचणी घेऊन उपयोग नाही, कागद आणि कापड रंग वेगवेगळा ओढतात.

टॉवेलवर ठसे किती आणि कुठे, हेही आधी ठरवा. छापलेला भाग पाणी कमी शोषतो. संपूर्ण टॉवेल भरून टाकला तर दिसायला सुंदर, पण भांडी पुसताना पाणी नुसतं इकडून तिकडे फिरतं. खालच्या दोन कडांना ओळी आणि मधला मोठा भाग कोरा, अशी मांडणी वापराच्या टॉवेलला योग्य आहे. छापलेल्या बाजूनं गरम भांडं उचलू नका आणि त्यात उघडं अन्न गुंडाळू नका. कापडाचा रंग अन्नाला लागण्यासाठी बनवलेला नसतो. रंग लागलेलं फळही खाऊ नका. उरलेला स्वच्छ भाग खायचा असेल तर तो रंगाला हात लावण्यापूर्वीच कापून बाजूला काढा.

रंग पक्का करणं

हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला, असं नाही. छापल्यावर २४ तास टॉवेल सपाट, न दुमडता ठेवा. मग वाफ पूर्ण बंद करून, सुती कापडाच्या खुणेवर इस्त्री तापवा. टॉवेल उलटा घाला, खाली पातळ सुती फडकं ठेवा आणि प्रत्येक ठशावर ३ ते ५ मिनिटं इस्त्री हलवत राहा. एकाच जागी धरून ठेवू नका. कापडात सुतीखेरीज काही मिसळलेलं असेल तर लेबलवरची खूण पाहून तापमान कमी ठेवा आणि वेळ वाढवा. उष्णतेनं अ‍ॅक्रिलिकचा थर एकजीव होऊन धाग्याला धरतो. वरवर एक हात फिरवून सोडलं तर तो अर्धवट राहतो, आणि ‘दोन धुण्यांत रंग गेला’ ही तक्रार बहुधा इथूनच सुरू होते.

टॉवेल निवल्यावर पांढरं फडकं किंचित ओलं करून ठशावर घासा. फडक्याला रंग लागला तर इस्त्री पुन्हा करा. नाही लागला तरी पहिल्या धुण्याला ३ दिवस जाऊ द्या.

पुढची धुणी कोमट पाण्यात, ३० ते ४० अंशांवर, सौम्य साबणानं. क्लोरीनचं ब्लीच नको. उकळत्या पाण्यात घालायचे टॉवेल वेगळे, बिनछापाचे ठेवा. उकळीत चांगला पक्का केलेला रंगही लवकर उतरतो.

तपकिरी कडं

ही तक्रार मुद्दाम वेगळी काढली आहे, कारण ती सगळ्यात उशिरा दिसते. छापलं तेव्हा ठसा स्वच्छ होता, वाळल्यावरही होता, इस्त्री फिरली आणि कडेनं पिवळट तपकिरी वलय आलं. इस्त्री जास्त तापली असं वाटतं, पण मग कोऱ्या भागावरही डाग दिसला असता. हा फळाचा रस आहे. त्यातली साखर आणि आम्ल कापडात वाळून बसतात, दिसत नाहीत, आणि उष्णता मिळाली की करपतात. लिंबाच्या रसानं कागदावर लिहिलेली अक्षरं गरम केल्यावर उमटतात तीच ही क्रिया.

म्हणून छापताना बिनरंगाचं ओलं कडं दिसलेला टॉवेल लगेच इस्त्रीला घेऊ नका. रंग हवेत दोन-तीन दिवस वाळू द्या, मग स्वच्छ थंड पाण्यात पिळलेल्या स्पंजानं फक्त कडेचा भाग पुन्हा पुन्हा टिपा, ठशावर घासू नका. टॉवेल पूर्ण वाळला की इस्त्री. तपकिरी वलय येऊनच गेलं असेल आणि ते फिकट असेल, तर रंग पक्का झाल्याची खात्री करून ऑक्सिजनवर आधारित डाग काढणाऱ्या पावडरच्या कोमट पाण्यात टॉवेल भिजवून पाहा, डाग फिका पडू शकतो. गडद, करपलेला डाग जात नाही, कारण तिथे धागाच जळलेला असतो.

बिघडलेला ठसा वाचवायचा झाला तर

रंग ओला असेल तर पहिली काही मिनिटं मोलाची. चोळू नका, टिश्यूनं वरचा रंग टिपून घ्या. मग टॉवेल उलटा करून मागच्या बाजूनं थंड पाण्याची धार सोडा, म्हणजे रंग आला तसा परत बाहेर ढकलला जातो. साबणाचा थेंब बोटांनी हलकेच फिरवा, पुन्हा धार. मात्र शेजारचे चांगले ओले ठसे भिजू देऊ नका. ते जवळ असतील तर हा उपाय सोडून द्या.

रंग वाळलाय पण इस्त्री झालेली नाही, अशा वेळी कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टिपत राहिलं की अ‍ॅक्रिलिक थोडा मऊ पडतो आणि बराचसा उचलला जातो. हे काम खिडकी उघडी ठेवून करा, जवळ शेगडी किंवा तापलेली इस्त्री नको, आणि आधी टॉवेलच्या कोपऱ्यावर मूळ रंग जातो का ते पाहा. पुसट सावली राहिली तर त्यावर त्याच फळाचा किंचित गडद ठसा थोडा सरकवून घ्या. ओळीत एखादा ठसा मुद्दाम दुसऱ्यावर चढवलेला दिसतो, खटकत नाही.

इस्त्री झालेला रंग निघत नाही. फुटलेली कड झाकायची असेल तर बारीक ब्रशनं तिच्यावरून पान किंवा देठ काढा. कोऱ्या राहिलेल्या रेघा मात्र ब्रशनं भरू नका. ब्रशची रेघ आणि फळाची रेघ शेजारीशेजारी लगेच वेगळ्या दिसतात. तसा ठसा विरळ असला तरी तसाच राहू द्या. मध्यभाग थोडा कोरा असलेलं लिंबू टॉवेलवर चांगलंच दिसतं.

खळीमुळे ठसा सगळा ठिपक्याठिपक्यांचा आला असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. इस्त्री न करता तो टॉवेल लगेच गरम पाण्यात, साबण घालून दोनदा धुवा. न मुरलेला रंग बराचसा निघून जातो, खळही जाते. वाळल्यावर थेंबाची कसोटी घ्या आणि त्याच टॉवेलवर पुन्हा छापा.